मुरलेली जवारी

मिरजेच्या तंतुवाद्यांच्या गल्लीत मानाप्पा सुताराचा एक सिद्धांत होता आणि तो पस्तीस वर्षं कुणी खोडून काढला नव्हता. सिद्धांत असा, की तंबोऱ्याची जवारी एका बैठकीत निघत नाही, ती मुरावी लागते. सकाळी घोडीवर कानस फिरवावी, जेवणाआधी तारा चढवाव्यात, तंबोऱ्यावर धुवट सुती कापड टाकावं आणि कारागिरानं खुशाल झोपावं. साडेतीनला उठून कापड काढलं, की सकाळी रुक्ष वाजणारी तार गोड गुंजायला लागते. "लोणचं मुरतंय, मग हाडानंच काय घोडं मारलंय?" असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा.

समोरच्या दुकानातला बाबालाल हा त्याच्याच वयाचा कारागीर. दोघांचं लहानपणापासून एकमेकांच्या चुका काढण्यात आयुष्य गेलेलं. पण तोही मुकाट्यानं आपल्या तंबोऱ्यांवर कापड टाकायचा. मानाप्पाचे तंबोरे धारवाडपासून कोलकात्यापर्यंत जात होते. यश मिळालेल्या माणसाच्या सिद्धांताशी कोण वाद घालणार?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर हाडाची एक रुंद पट्टी असते, ती घोडी. तार तिच्यावरून जाते. घोडी सपाट दिसते खरी, पण तिला केसभर उतार असतो. तार थरथरताना त्या उताराला हलकेच चाटत राहते आणि म्हणूनच एका सुरातून दहा सूर उमलतात. हा उतार कानशीनं घासून काढायचा, मग तारेखाली सुताचा एक दोरा सरकवत नेमकी जागा शोधायची, या कामाला जवारी काढणं म्हणतात. कानशीचा एक हात जास्त पडला की संपलं. बापाकडून लेकाकडे जाणारी ही विद्या. बाईच्या हातानं जवारी निघत नाही, असं गल्लीत म्हणायचे, आणि मानाप्पा तर ते जरा जास्तच ठसक्यात म्हणायचा.

तर असा हा मानाप्पा. पण २०४१ साली, एकाहत्तराव्या वर्षी, त्याचा सिद्धांत त्याच्यावरच उलटला. त्याची बायको कमळाक्का तीन वर्षांपूर्वी गेली आणि तेव्हापासून जवारी मुरायचीच बंद झाली. तो कापड टाकायचा, झोपायचा, उठायचा. तार सकाळइतकीच रुक्ष. दोन तंबोरे परत आले. त्यानं आधी हाडाला दोष दिला, मग हवेला. शेवटी उजव्या हाताला कंप सुटला आणि त्याला हक्काचं कारण मिळालं.

दुकानात आता एकच तंबोरा उरला होता. त्याचा भोपळा कमळाक्कानं मंगळवेढ्याच्या बाजूला जाऊन स्वतः टिचक्या मारून पारखून आणला होता. तिनं आणलेला शेवटचा. दांडी झाली, खुंट्या झाल्या, नक्षी झाली, फक्त जवारी राहिली होती. हा एक तंबोरा गुंजला की आपण डोळे मिटायला मोकळे, असं मानाप्पा रोज म्हणायचा. आणि रोज हातातून कानस खाली पडायची.

"मामा, हात द्या बघू इकडं."

ही ऋजुता, त्याची सून. मुलगा शिवानंद मालवाहू जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात. ऋजुता सांगलीच्या एका पुनर्वसन केंद्रासाठी घरी बसून काम करायची. ज्यांचे हातपाय नीट चालत नाहीत त्यांच्या यंत्रांना काय करायचं ते लिहून द्यायचं, हे तिचं काम. सासूला आत्या म्हणायची, सासऱ्याला मामा. आत्या गेल्यापासून मामांच्या जेवणाची वेळ चुकली तर तिला घास उतरत नसे.

"कशाला हात? आधीच थरथरतोय. हात दाखवून अवलक्षण."

"द्या हो!"

तिनं त्याच्या हातावर एक मोजा चढवला. कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ. आत केसाएवढे धागे होते. वीज मिळाली की आखडणारे, थांबली की सैल पडणारे.

"तुमचा कंप एका ठेक्यात असतो, मामा. सेकंदाला पाचेक वेळा. तुमच्या मनातली हालचाल सावकाश असते. मोजा दोन्ही वेगळं करतो आणि कंपाला उलटा ठेका देतो. हात स्थिर."

"मग झालं की!"

"नाही झालं. चहाचा कप धरायला तेवढं पुरतं. जवारीला तुम्ही केसभर सरकता. तो केसभराचा हुकूम कंपात बुडूनच जातो. तिथं मोज्याला अंदाज करावा लागतो, या माणसाला आता काय करायचं असेल? त्यासाठी दुसऱ्या कारागिरांच्या हातांच्या नोंदी लागतात. कुणीतरी पूर्वी बोटांत अंगठ्या घालून काम केलेलं असतं, त्याची पॅकेजं करून भांडारात ठेवलेली आहेत. आपण फक्त मागवायची."

तिनं हातातल्या संगणकाचा पडदा त्याच्यापुढे धरला. त्यावर जेमतेम वीस ओळी होत्या.

"एवढंसंच?"

"स्क्रिप्ट एवढीशीच असते. वर सामानाची यादी, खाली कृती. आपण वाण्याकडं यादी धाडतो ना, तसं. यादी वाचून यंत्र एकेक पॅकेज आणून बसवतं. आणि प्रत्येक पॅकेजची परत आपली यादी असते."

"हळद मागवली तर हळदीला कशाला यादी?"

"हळदीला हळकुंड नको? हळकुंडाला शेत नको?"

मानाप्पाला हे पटलं. पटलेलं दाखवायचं नसलं की तो मिशीवरून हात फिरवायचा. तसा त्यानं फिरवला.

"आणि स्क्रिप्टची ही भाषा जरा सोवळ्यातली आहे," ऋजुता सांगत राहिली. "हिच्यात सगळी कामं पिठाच्या गिरणीसारखी. वरनं एक घालायचं, खालनं एक निघतं. आज गहू घातला तर कणीक, उद्या तोच गहू घातला तर तीच कणीक."

"आमच्या कोपऱ्यावरच्या गिरणीत आधीच्या गिऱ्हाइकाची ज्वारी मिसळती."

"तेच तर! इथं तशी मिसळायला बंदी. आणि इथं काही पुसायचं पण नाही. जुनं तसंच राहतं, नवं त्याच्या शेजारी बसतं. म्हणून माणसाच्या हातावर चढवायच्या यंत्रांना हीच भाषा वापरतात. काल नीट चाललं ते आज बिघडायला नको. शिवाय ही आळशी आहे. मागितल्याशिवाय काही करत नाही."

"म्हंजे शिवानंदासारखी," मानाप्पा म्हणाला, आणि दोघंही हसली.

बुधवारी सकाळी मोजा पहिल्यांदा जवारीला बसला. मानाप्पानं तारा सैल केल्या, घोडी डोळ्यांसमोर धरली, कानस उचलली. हात असा स्थिर, की त्याला क्षणभर तो आपलाच वाटेना. पहिला हात, दुसरा, तिसरा. हाडाची बारीक पूड निघू लागली. मानाप्पाच्या अंगावर काटा आला. तीन वर्षांनी जमत होतं!

आणि तिसऱ्या हातानंतर पंजा उघडला, सपाट झाला आणि भोपळ्यावर दोनदा थापट मारून किंचित वळला.

मानाप्पानं दचकून हाताकडे पाहिलं. हे त्यानं केलं नव्हतं. त्यानं पुन्हा कानस चालवली. तीन हात, मग दोन थापट्या आणि पाव वळण. परत तीन, परत थापट्या. मग दोरा सरकवायची वेळ आली. गल्लीतले सगळे पुरुष दोरा अंगठा आणि तर्जनीत धरतात. मोज्यानं मात्र करंगळी पुढे केली आणि तिच्या नखानं दोरा हळूच ढकलला.

मानाप्पानं कानस खाली ठेवली. बेचाळीस वर्षं ज्या हाताची भाकरी खाल्ली तो हात माणूस विसरतो का? दोन थापट्या आणि पाव वळण. परातीत भाकरी अशीच फिरायची. आणि करंगळीचं नख ती मुद्दाम वाढवायची. "कापून टाक की ते," म्हटलं तर, "असू दे, कामाला येतं," म्हणायची. कुठल्या कामाला, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

"ऋजुता!" तो ओरडला. "ह्यात कुणाचा हात घातलायस?"

ती स्वयंपाकघरातून धावत आली. त्याचा चेहरा बघून घाबरली, मग पडदा उघडून बसली. स्क्रिप्टमध्ये नाव होतं 'तंतू-जवारी'. त्या पॅकेजच्या यादीत सात हात होते, नुसते आकडे घातलेले. मानाप्पाच्या घासण्याशी जवळचा म्हणून मोज्यानं त्यातला सातवा उचलला होता. त्या आकड्यावर तिनं बोट ठेवलं तशी नोंद उघडली. ती तिनं मनातल्या मनात दोनदा वाचली.

"वाच की."

"हात देणारी व्यक्ती, कमळा मानाप्पा सुतार. राहणार मिरज. व्यवसाय, घरकाम." ऋजुतानं नोंद खाली सरकवली. "बारा वर्षांपूर्वीच्या नोंदी आहेत, मामा. एकूण एक्केचाळीस बैठका. प्रत्येकीची वेळ दुपारी दोन ते साडेतीन."

बारा वर्षांपूर्वी एका विद्यापीठातली मुलगी गल्लीत आली होती, हे मानाप्पाला आठवलं. कारागिरांच्या हातांच्या नोंदी घ्यायला. त्यानं तिला उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं होतं. हात काय बाजारात मांडायची वस्तू आहे? कमळाक्कानं तेवढं तिला आत बोलावून चहा पाजला होता. तो चहा एक्केचाळीस दुपारी चालला, हे त्याला आज कळत होतं.

दोन ते साडेतीन. गल्ली दुकानांना फळ्या लावून झोपायची ती वेळ. तो मागच्या खोलीत घोरत असायचा आणि पुढे दुकानात तंबोऱ्यावर धुवट कापड मुरत असायचं.

"म्हंजे मुरत नव्हती," तो म्हणाला.

"काय?"

"जवारी, पोरी. ती मुरत नव्हती. तुझी आत्या काढत होती."

आणि मग त्याला हसू आलं. आधी नाकातून, मग पोटातून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत तो हसला. पस्तीस वर्षं! सकाळी आपण हाडाची वाट लावायची, दुपारी तिनं ती निस्तरायची, आणि चारला चहा पिता पिता आपण तिलाच सांगायचं, बघ, कशी मुरली! आणि ती बया म्हणायची, "तुमच्या हाताला देवानं गुण दिलाय." ताकास तूर लागू दिली नाही. माणसाला आपल्या फायद्याचा चमत्कार तपासून बघावासा वाटत नाही, तसं त्याचं झालं होतं. हसता हसता तो कधी रडायला लागला ते त्यालाही कळलं नाही. ऋजुता शेजारी बसून राहिली. त्या दिवशी जवारी तिथंच राहिली, पण मानाप्पा दिवसभर मोजा चढवून बसला. उगाचच कानस उचलायचा, थापट्या पडल्या की खाली ठेवायचा.

गुरुवारी ऋजुता सांगलीला गेली असताना त्यानं पुन्हा मोजा चढवला. मोज्याच्या मनगटातून एक गोड आवाज आला, "नवीन आवृत्ती आली आहे. घ्यायची का?"

मानाप्पा जुना माणूस. दारावर ताजी भाजी आली तर नको कशाला म्हणायचं? "घे बाई, घे," तो म्हणाला.

मग त्यानं कानस चालवली. तीन हात झाले. चार झाले. दहा झाले. हात स्थिर होता, सरळ होता, एखाद्या कारखान्यातल्यासारखा. पंजा उघडला नाही. करंगळी हलली नाही.

संध्याकाळी ऋजुता परतली तेव्हा तो दिवा न लावता बसला होता.

"गेली," तो म्हणाला. "मी घे म्हणलो आणि ती गेली."

ऋजुतानं पिशवी टाकली आणि पडदा उघडला. बघता बघता तिचा चेहरा उतरला.

"मामा, चूक माझी आहे. मी यादीत पॅकेजचं नाव लिहिलं, आवृत्तीचा आकडा लिहिला नाही. नुसतं 'हळद' लिहिलं, कुठली ते नाही. या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात ते, आणि मी..." तिनं कपाळावर हात मारून घेतला. "याच आठवड्यात दुसरी आवृत्ती निघालीय. त्यांनी सगळे हात तासून एक सरासरी हात केलाय. अनावश्यक हालचाली काढल्या म्हणे."

"अनावश्यक?" मानाप्पाचा आवाज चढला. "थापटल्यावर भोपळा बोलतो, तवा कळतं किती घासायचं राहिलंय! काल दिसभर तेच ऐकत बसलो नव्हतो व्हय मी? ती कानानं मोजायची, आणि हे म्हणत्यात अनावश्यक!"

"रागावू नका. गेलेली नाही. मी म्हटलं होतं ना, इथं पुसत नाहीत? पहिली आवृत्ती शेजारीच आहे. हे बघा, आकडा लिहिला."

तिनं एकच ओळ बदलली. यंत्रानं क्षणभर यादी वाचली, सामान आणलं, बसवलं. मानाप्पानं श्वास रोखून कानस चालवली. तीन हात. दोन थापट्या. पाव वळण.

त्याचा जीव भांड्यात पडला, पण ऋजुता अजून पडद्याकडेच बघत होती.

"काय झालं?"

"पुसत नाहीत, पण झाडतात," ती हळू आवाजात म्हणाली. "किती साठवणार? म्हणून ज्याचं नाव भांडारातल्या कुठल्याच चालू यादीत उरत नाही, ते झाडून टाकतात. नव्या आवृत्तीच्या यादीत आत्या नाही, आणि जुनी यादी आता चालू धरत नाहीत. आपल्या मोज्यात हाताचं सार तेवढं राहील, पण त्या एक्केचाळीस दुपारी, मूळ नोंदी, त्या रविवारी संध्याकाळी जातील."

"मग घाल की नाव यादीत! तुझी वीस ओळींची चिठ्ठी हाय न्हवं?"

"घरातली यादी चालत नाही, भांडारात जाहीर केलेली लागते. आणि तिथं अडतंय. व्यवसाय 'घरकाम' लिहिलाय म्हणून हा हात त्यांनी हौशी लोकांच्यात टाकलाय. हा कारागिराचा हात आहे असं एखाद्या नावाजलेल्या कारागिरानं लिहून द्यावं लागेल. सगळ्यांना दिसेल असं." तिनं पडद्यावरून मान वर केली. "म्हणजे तुम्ही, मामा."

मानाप्पाला त्या लिहून देण्याचा अर्थ लगेच कळला. धारवाडपासून कोलकात्यापर्यंत जे तंबोरे त्याच्या नावानं वाजत होते त्यांची जवारी त्याची नव्हती, हे त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. गल्लीत सांगायचं. बाबालालला सांगायचं!

"बघू," तो म्हणाला आणि जेवायला न बसता झोपायला गेला.

शुक्रवारी तो बाबालालच्या दुकानात जाऊन बसला. सांगून टाकावं असं ठरवूनच गेला होता. पण बाबालाल एका गिऱ्हाइकाला सांगत होता, "साहेब, घाई करू नका. जवारी मुरायला लागते. हे बसलेत ना मानाप्पा, त्यांनी शोधून काढलंय ते. आमच्या गल्लीचा वाघ!" गिऱ्हाईक आदरानं नमस्कार करून गेलं. मानाप्पानं चहा प्यायला आणि घरी आला. वाघाच्या तोंडून शब्द फुटला नाही.

शनिवारी सकाळी ऋजुता त्याच्यापुढे येऊन बसली.

"मामा, मी तुम्हाला आग्रह करणार नाही. मूळ नोंदी जायच्या आधी एकदा उघडून बघितल्या, एवढंच. आजवर कुणी मागितल्याच नव्हत्या, म्हणून भांडारानं कधी बाहेर काढल्या नाहीत. सुरुवातीला एक फॉर्म आहे. आत्यानं सांगितलंय आणि त्या मुलीनं जसंच्या तसं लिहून घेतलंय. शेवटचा प्रश्न आहे, हात कशासाठी देता?"

"काय म्हणली?"

ऋजुतानं पडदा त्याच्या हातात दिला. त्यानं चष्मा लावला. हात थरथरत होता म्हणून ओळ स्थिर राहीना, तेव्हा तिनं खालून आधार दिला. लिहिलं होतं:

'ह्यांचा हात पुढंमागं थकंल. मी असंन नसंन. तवा लागंल.'

मानाप्पानं ते तीनदा वाचलं. मग चष्मा काढून पुसत राहिला, कितीतरी वेळ. गेल्या तीन वर्षांत त्याला सगळ्यात जास्त कशाचं दुःख होतं, ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. ती गेली त्या दिवशी तिला काही बोलता आलं नव्हतं, आणि त्याला वाटत राहिलं होतं, की आपल्याला न सांगताच गेली. तर सगळं सांगून, बांधून, भांडारात ठेवून गेली होती. त्यानं मागितलंच नव्हतं.

"लिही," तो म्हणाला.

"काय लिहू?"

"लिही. मी, मानाप्पा काळाप्पा सुतार, मिरज. पस्तीस वर्षं माझ्या नावावर जे तंबोरे गेले त्यांची जवारी सकाळी मी काढली आणि दुपारी माझ्या बायकोनं, कमळानं, नीट केली. जवारी मुरत नसती. मी झोपलेलो असायचो. हा हात उस्तादाचा हाय. थापट्या काढू नका, त्यातच विद्या हाय."

"मामा, हे सगळी गल्ली वाचेल."

"मग? वाचायलाच लिहितोय. आणि ते घरकाम खोड."

"खोडता येत नाही. शेजारी नवं लिहिता येतं."

"मग शेजारी लिही. तंबोऱ्याची कारागीर." त्यानं चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "घरकाम बी राहू दे. ते बी तिनंच केलं."

ऋजुतानं स्क्रिप्ट जाहीर केली. यादीत सगळ्यात वर, आकड्यानिशी, एक नाव होतं: कमळा-मानाप्पा-सुतार, आवृत्ती एक. मानाप्पानं त्या ओळीवर बोट टेकवलं आणि आत गेला.

गल्लीत बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? रविवारी सकाळी बाबालाल दारात उभा. चेहऱ्यावर ना हसू ना राग.

"मानाप्पा, खरं का रे हे?"

"खरं."

"पस्तीस वर्षं?"

"पस्तीस वर्षं."

बाबालाल पायरीवर टेकला. थोडा वेळ तपकिरीच्या डबीशी चाळा करत बसला. मग त्याच्या कपाळावर हळूहळू आठ्या चढल्या.

"अरे, पण मग... माझ्या जवाऱ्या मुरायच्या त्या?"

मानाप्पानं त्याच्याकडे पाहिलं.

"घरी जाऊन विचार," मानाप्पा म्हणाला. "आणि हे बघ, जरा नीट विचार. हात जोडून."

बाबालाल उठला आणि चपला पायरीवर विसरून अनवाणीच रस्ता ओलांडून गेला. आतून ऋजुताचं हसू ऐकू आलं. मानाप्पालाही हसू फुटलं. गल्ली आपल्याला हसेल याची त्याला दोन दिवस धास्ती होती, आणि आता बघावं तर गल्लीला स्वतःच्याच घरात डोकवायची पाळी आली होती.

दुपारी जेवणं झाली. गल्लीतल्या फळ्या लागल्या. मानाप्पानं सकाळीच तंबोऱ्यावर, कमळाक्कानं पारखलेल्या त्या भोपळ्यावर, धुवट कापड टाकून ठेवलं होतं. घड्याळात दोन वाजले. ऋजुतानं मागच्या खोलीत त्याची सतरंजी अंथरली.

"मामा, पडा थोडं."

"आज न्हाई."

तो पुढे दुकानात आला. कापड काढलं. रोज बसायचा त्या पाटावर न बसता, भिंतीकडची जागा होती, जिथं दोरा वळत कमळाक्का बसायची, तिथं बसला. मोजा चढवला, तारा सैल केल्या, कानस उचलली. तीन हात. दोन थापट्या. पाव वळण. या वेळी त्यानं हाताला अडवलं नाही, हुकूमही दिला नाही. नुसतं बघत राहिला. पस्तीस वर्षं ही वेळ तो झोपून काढत आला होता.

तास झाला असेल. करंगळीनं दोरा केसभर ढकलला, जरा थांबून माघारी आणला, परत ढकलला. मानाप्पानं डाव्या हातानं तार छेडली.

खर्ज उमलला. आधी एक सूर, मग त्याच्या पोटातून दुसरा, मग तिसरा. फळ्या लावलेल्या त्या छोट्या दुकानात तो गुंजारव भरून राहिला. मागच्या दारात ऋजुता पदर तोंडाशी धरून उभी होती.

काम संपलं तसा उजव्या हाताचा पंजा पुन्हा सपाट झाला आणि भोपळ्यावर दोनदा हलकेच थापटला. मानाप्पानं आपला डावा हात, बिनमोज्याचा, थरथरणारा, त्याच्यावर ठेवला.

"जागा हाय मी," तो म्हणाला. "चालू दे तुझं."